उशिराच्या चिठ्ठ्या

कलावतीबाई चेऊलकरांच्या वर्गात गृहपाठ उशिरा आणला तर शिक्षा होत नसे. फक्त कारण लिहून द्यावं लागे, आणि ते खरं असावं लागे. ठाण्यातल्या त्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बरोबरीच्या शिक्षिका म्हणत, अशाने पोरी शेफारतात. कलावतीबाई ऐकून घेत आणि आपलं तेच करत.

कॉलेज दोन वर्षांचं होतं, प्राथमिक शाळांसाठी मास्तरणी तयार करणारं. शिकायला येणाऱ्या सगळ्याच काही कोवळ्या पोरी नव्हत्या. सतरा वर्षांची असे तशी पस्तिशीचीही असे. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी मूल आईकडे ठेवून आलेली. बहुतेकींना मागे परतायला घर नव्हतं. दोन वर्षं रेटून न्यायची, नोकरी धरायची, एवढी एकच वाट पुढे दिसत होती. कलावतीबाई स्वतः त्याच वाटेने आलेल्या. माहेर रेवदंड्याचं. पंधराव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी नवरा मुदतीच्या तापात गेला. मग धाकट्या दिराने हट्टाने शिकवलं, पनवेलच्या शाळेत काही वर्षं काढली आणि अठ्ठेचाळीस साली त्या ठाण्याला आल्या. तळ्याजवळच्या एका चाळीत एकट्या राहत.

आल्या तेव्हा त्या फार कडक होत्या. अकराची घंटा झाली की वह्यांचं कपाट बंद. तीनदा वही वेळेवर आली नाही तर वार्षिक परीक्षेच्या पाठाला उभं राहता येणार नाही, असा त्यांचाच नियम. मुरबाडकडची हौसाबाई नावाची एक तिशीची बाई होती. तिची वही एकदा सव्वाअकराला आली, मग एकदा आलीच नाही, तिसऱ्यांदा साडेअकराला आली. कलावतीबाईंनी ती घेतली नाही. हौसाबाई काही बोलली नाही. महिनाभरात ती कॉलेज सोडून गेली. वर्षाने कल्याण स्टेशनबाहेर भेटली. भाताच्या गिरणीत पाखडायला जात होती. अंगावर कोंडा, आणि तरी बाईंना बघून पदर सावरून अदबीने उभी राहिली. तिथे बोलता बोलता कळलं, तेव्हा तिचं मूल कल्याणात आजीपाशी गोवराने आजारी होतं. कॉलेज सुटलं की ती रोज तिकडे जायची आणि शेवटच्या गाडीने परत यायची.

"मग बोलली का नाहीस तेव्हा?" कलावतीबाईंनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई," हौसाबाई म्हणाली. बोलण्यात राग नव्हता.

त्यानंतर चिठ्ठ्या सुरू झाल्या. वही उशिरा आली किंवा आली नाही, तर चतकोर कागदावर कारण लिहायचं. कलावतीबाई दर वर्षी पहिल्याच दिवशी वर्गाला सांगत, "ही चिठ्ठी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. तेव्हा खोटं लिहायचं कारण नाही." चिठ्ठ्या त्या चहाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. सुरुवातीला सगळ्यांची पोटंच दुखायची. मग हळूहळू बायका खरं लिहू लागल्या. 'सासरहून पत्र आलं, रडत बसले.' 'लिहायला घेतलं आणि झोप लागली.' 'मनच झालं नाही.' मनच झालं नाही असं लिहिणारीवर बाई रागावल्या नाहीत हे बघितल्यावर बाकीच्यांची भीड चेपली.

चौपन्न सालच्या भाद्रपदात, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, रखमाची चिठ्ठी आली. रखमा जुन्नरकडची, नवऱ्याने सोडलेली, वसतिगृहात राहणारी. 'डोकं दुखत होतं. अक्षरं एकमेकांत शिरत होती.' कलावतीबाईंनी वाचली आणि डब्यात टाकली. डोकं कुणाचं दुखत नाही?

त्यानंतरच्या मंगळवारी दोन चिठ्ठ्या आल्या. 'सकाळी बरं असतं, दुपारनंतर अंग मोडून येतं.' दुसरी, 'टाचण लिहिताना काय लिहितेय तेच कळेना.' गुरुवारी तीन. शनिवारी आणखी तीन. टाचण म्हणजे उद्याच्या पाठाची तयारी, रोजचंच काम. पहिल्या वर्षाच्या बायका सुद्धा ते तासाभरात उरकत. सगळ्या वर्गाला ते एकदम जड का व्हावं? वर्गात पाहिलं तर बायका नेहमीसारख्याच बसलेल्या, फक्त जरा गप्प. खिडकीपाशी बसणारी खिडकी लावून घेत होती. पदर गळ्याभोवती गच्च ओढून घेतलेले दिसत होते, आणि बाहेर तर ऊन रणरणत होतं.

रविवारी कलावतीबाईंनी डबा घरी नेला आणि त्या पंधरवड्याच्या चिठ्ठ्या चटईवर मांडल्या. नऊ होत्या. एकीच्या भावाचं लग्न ठरत होतं, ते तिने लिहिलं होतं. बाकीच्या आठही चिठ्ठ्यांत काही ना काही दुखणं होतं. त्यांनी त्या पुन्हा एकदा वाचल्या. डोकं जड, अन्न जात नाही, झोप येते पण झोप लागत नाही, जीभ कोरडी. सगळं होतं, फक्त ताप हा शब्द एकाही चिठ्ठीत नव्हता.

तो का नव्हता, हे त्यांना लगेच उमगलं. वसतिगृहाचा नियम होता की दोन दिवसांवर ताप राहिला तर बाईला घरी पाठवायचं. घरी गेलं की हजेरी बुडते. हजेरी कमी पडली की वर्ष जातं. जिला घरच नाही तिला ताप परवडत नव्हता. म्हणून आठ जणींनी सगळं लिहिलं होतं, तेवढा एक शब्द गाळून.

कलावतीबाई चटईवर बसून राहिल्या. सासरच्या त्या खोलीतले पंधरा-सोळा दिवस त्यांनी कित्येक वर्षं आठवले नव्हते. नवरा आधी नुसतं डोकं दुखतं म्हणत होता. चार दिवस तो कामावरही गेला. ताप सकाळी उतरायचा, संध्याकाळी चढायचा, आणि रोज कालच्यापेक्षा थोडा जास्त. सासू म्हणाली होती, उन्हाचं आहे.

सोमवारी त्या वर्गाआधी शकूला भेटल्या. आठांपैकी सात जणी वसतिगृहात राहणाऱ्या. शकू एकटीच कळव्याची, आगऱ्याची पोर, बापाचं मिठागर होतं, रोज घरून येणारी. वसतिगृहाच्या जेवणाचा दोष म्हणावा तर ती डबा घरून आणत होती.

"शकू, तू इथे काय खातेस?"

"काय नाय, बाई. आयशीनं दिलेली भाकरी नि सुकट." शकूचे ओठ फुटले होते. "आता ती पन जात नाय."

"आणि पाणी?"

"पानी इथलंच. हॉस्टेलच्या माठातलं." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, मना ताप नाय हां. नुसतं डोकं हाय."

"मी विचारलं नाही," कलावतीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात तिच्या मनगटाला लागला. मनगट तव्यासारखं होतं.

स्वयंपाकघरात ठमाबाई तांदूळ निवडत होती. गेली दहा वर्षं वसतिगृहाचा स्वयंपाक तीच करायची. माठात पाणी कुठलं भरतेस, असं विचारल्यावर तिने मागच्या दाराकडे मान केली. "नळाला हल्ली करंगळीएवढी धार येते. दोन हंडे भरले की बंद. गणपतीच्या आधीपासनं विहिरीचंच भरते."

"पाण्याला वास बिस?"

"वास नाही हो. उलट गोड लागतं. पूर्वी जरा मचूळ होतं, आता गोड झालंय." ठमाबाईला त्यात चांगलंच वाटत होतं.

कलावतीबाई मागच्या अंगणात गेल्या. विहीर जुनी, कठडा एका बाजूला ढासळलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत संस्थेने नवे संडास बांधले होते. पांढरे धुवट, वर देणगीदाराच्या नावाची फरशी बसवलेली. त्यांच्या मागे मैल्याची खड्डावजा टाकी होती आणि तिच्यावर ताजी माती. जमीन तिथून विहिरीकडे उतरती होती. कलावतीबाईंनी पावलं मोजली. बावीस झाली. विहिरीत वाकून पाहिलं तर पाणी स्वच्छ होतं, त्यांचं तोंड त्यात स्पष्ट दिसलं. त्या पटकन मागे सरल्या.

प्रिन्सिपॉल गुप्तेबाई वाईट नव्हत्या. कॉलेज त्यांनी तीन खोल्यांतून उभं केलं होतं. पंधरा दिवसांवर शिक्षण खात्याची तपासणी आली होती. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता.

"माठाचं पाणी आजपासून बंद करा," कलावतीबाई म्हणाल्या. "विहिरीला झाकण घाला आणि डॉक्टरांना बोलवा. मला मुदतीच्या तापाची शंका येते."

"ताप कुणाला आहे?"

"कबूल कुणी करत नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"ते सांगता येणार नाही," कलावतीबाई म्हणाल्या. गुप्तेबाईंनी चष्मा काढून ठेवला. "कलावतीबाई, संडास कुणी बांधून दिलेत तुम्हाला माहीत आहे. तपासणीच्या तोंडावर मी विहिरीत मैला उतरतोय असं म्हणायचं, आणि ते कशावरून? मुलींची डोकी दुखतात यावरून? मला नावं द्या. चार नावं जरी दिलीत तरी मी आत्ता डॉक्टरांना चिठ्ठी देते."

"नावं मागू नका. तेवढं सोडून काय ते करा."

"नावांशिवाय मी काही करू शकत नाही."

कलावतीबाई तशाच वर्गात गेल्या. एकेचाळीस जणी होत्या. त्यांनी फळ्याला पाठ लावली आणि म्हणाल्या, "आज शिकवायचं नाही. जिला ताप येतो तिने हात वर करावा. कुणाचं वर्ष बुडणार नाही, त्यासाठी मी भांडेन."

एकही हात वर झाला नाही. पंखा नव्हता, बाहेर कावळा ओरडत होता तेवढाच आवाज. रखमा बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि डोळे काचेसारखे चकाकत होते. शकू खाली बघत होती. पहिल्या बाकावरच्या कमळाने आपली वही पुढे केली. "बाई, माझं टाचण तयार आहे." कमळाचं काम कधीच मागे पडत नसे. ठाकुर्लीची पोर, वय अठरा, बाप रेल्वेच्या पॉवर हाऊसवर कोळसा ओढायचा. सव्वा वर्षात तिची एकही चिठ्ठी डब्यात पडली नव्हती. कलावतीबाईंनी वही न बघताच ढिगावर ठेवली. निदान हिचं तरी बरं आहे, असं त्यांच्या मनात आलं.

त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि डबा पुढ्यात घेऊन बसल्या. शब्द दिला होता. गेली पाच वर्षं तो एकदाही मोडला नव्हता, म्हणून तर या बायका लिहीत होत्या. त्यांना वाटलं, आणखी दोन दिवस थांबावं, एखादी आपणहून बोलेल. मग सासूचं वाक्य आठवलं, उन्हाचं आहे. त्यांनी आठ चिठ्ठ्या काढल्या आणि गुप्तेबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

गुप्तेबाईंनी पहिल्या दोन उभ्या उभ्याच वाचल्या. तिसरीला त्या खुर्चीवर बसल्या. आठवी संपल्यावर त्यांनी शिपायाला हाक मारली आणि सिव्हिल हॉस्पिटलला माणूस धाडला.

दुपारी डॉक्टर आले. व्हरांड्यात सगळ्यांना ओळीने उभं केलं. एकेकीच्या जिभेखाली थर्मामीटर, आणि डॉक्टर आकडा सांगतील तो गुप्तेबाई लिहून घेत होत्या. एकशे एक. एकशे दोन. नॉर्मल. एकशे तीन. एकेचाळीसांत सतरा निघाल्या. आठ चिठ्ठ्या म्हणजे आठ आजारी असं कलावतीबाई धरून चालल्या होत्या. नववी निघाल्यावर त्या बोटांवर मोजू लागल्या.

कमळाच्या तोंडातलं थर्मामीटर डॉक्टरांनी दोनदा बघितलं, झटकलं आणि परत लावलं. "एकशे चार," ते म्हणाले. "ही उभी कशी आहे?"

कमळा भिंतीला टेकलेली होती. "माझं काम पूर्ण आहे," ती कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही.

सतरा जणींना टांग्यांतून हॉस्पिटलात हलवलं. रखमाला टांग्यात बसवताना कलावतीबाईंनी हात दिला. तिने तो धरला नाही.

"बाई, कुणाला दाखवणार नाही म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

रखमाने तोंड फिरवलं. टांगा निघाला.

रक्त तपासायला मुंबईला गेलं आणि उत्तर यायचं तेच आलं. नगरपालिकेने विहीर बुजवली, टाकी उपसून लांब नेली. देणगीदाराचं नाव असलेली फरशी एका सकाळी कुणीतरी काढून ठेवलेली दिसली, त्याबद्दल कुणी बोललं नाही. कलावतीबाई रोज संध्याकाळी वॉर्डात जाऊन बसत. तिथे दोन रांगांत त्यांचा वर्ग पडला होता. कुणी वातात पाठ शिकवत होती, कुणी फळा पुसायला सांगत होती. सोळा जणी वाचल्या. डोक्यावरचे केस झडले, चालायला नव्याने शिकावं लागलं, पण वाचल्या. कमळा एकोणिसाव्या दिवशी गेली. आतडं फाटलं, असं डॉक्टर म्हणाले. चार दिवस आधी आली असती तर, एवढं बोलून ते थांबले.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कलावतीबाईंनी ढिगातून कमळाच्या वह्या काढल्या. त्यांनी उशिराच्या वह्यांकडेच लक्ष ठेवलं होतं. वेळेवर आलेल्या त्या नुसत्या सही करून परत देत. कमळाच्या वहीत हॉस्पिटलात जायच्या पंधरवडाभर आधीचं अक्षर रेषेवर होतं. मग ते रेषेखाली उतरू लागलं होतं. नंतर ओळी उजवीकडे घसरत गेल्या होत्या. प्रत्येक पानाखाली कलावतीबाईंची लाल शाईतली सही होती आणि तारीख.

हजेरीसाठी त्या भांडल्या. शिक्षण खात्याला चार पत्रं लिहिली, पुण्याला एकदा स्वतः जाऊन आल्या. बारा जणींची हजेरी माफ झाली. चौघींची नाही झाली, नियमात बसत नव्हती. त्या चौघींत रखमा होती. तिला भाऊ येऊन घेऊन गेला. तिचं पुढे काय झालं ते कलावतीबाईंना कधी कळलं नाही. जुन्नरच्या पत्त्यावर त्यांनी दोन कार्डं टाकली, उत्तर आलं नाही. संस्थेच्या सभेत कुणीतरी म्हणालं की मुलींच्या खाजगी गोष्टी लिहून घेण्याची ही पद्धत बरी नाही. गुप्तेबाई तिथे त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, त्यामुळे नोकरी राहिली.

दिवाळीनंतर वर्ग पुन्हा भरला. वह्या उशिरा येतच होत्या, आणि चिठ्ठ्याही. पहिलीवर लिहिलं होतं, 'विसरले.' दुसरीवरही तेच. नाताळपर्यंत जेवढ्या आल्या त्या सगळ्यांवर हा एकच शब्द होता. शकूचीही एक होती. शकू वर्गात त्यांच्याशी नीट बोलायची, घरून सुके बोंबील आणून द्यायची, पण चिठ्ठीत तिनेही 'विसरले' एवढंच लिहिलं. कलावतीबाईंनी नव्या वर्षापासून चिठ्ठ्या मागणं सोडलं. संध्याकाळी त्या वसतिगृहात जाऊ लागल्या. बायका लिहीत असत, त्या बाकाबाकापाशी थांबत, आणि वही बघायच्या आधी पाठीवर हात ठेवत. बायकांना हात कशासाठी ठेवतात ते माहीत होतं. कुणी अंग चोरत, कुणी चोरत नसत.

मार्चमध्ये कमळाचे वडील तिची ट्रंक न्यायला आले. सहा महिने ते आलेच नव्हते. नाथा त्यांचं नाव, उंच, वाकलेले, नखांत कोळसा बसलेला. ठमाबाईने कोठीतून ट्रंक काढून दिली. कलावतीबाईंनी वह्या वर आणून ठेवल्या. त्यांनी ठरवलं होतं की या माणसाला सगळं सांगायचं. अंगात ताप असताना तुमची मुलगी माझ्यासमोर बसत होती आणि मी सही करत होते, हे सांगायचं.

नाथा व्हरांड्याच्या पायरीवर बसले. "अभ्यासात कशी होती, बाई?"

"फार चांगली. एकदाही उशीर केला नाही."

"ते आमचं घरचंच आहे," ते म्हणाले. "भोंगा व्हायच्या आत मी पॉवर हाऊसच्या गेटावर असतो. तिला लहानपणापासून तेच सांगत आलो." त्यांनी सगळ्यात वरची वही उचलली, उलटी धरली, मग बाईंकडे दिली. "मला वाचता येत नाही. शेवटचं काय लिहिलंय तेवढं ऐकवता का?"

कलावतीबाईंनी शेवटचं पान उघडलं. दुसऱ्या इयत्तेचा भूगोलाचा पाठ होता, दिशा. त्या वाचू लागल्या. शिक्षिका मुलांना अंगणात नेईल. सूर्याकडे तोंड करून उभं राहायला सांगेल. समोर पूर्व. पाठीमागे पश्चिम. डाव्या हाताला, आणि तिथून पुढे काही नव्हतं. अक्षर वाहून गेलं होतं, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा खाली उतरत गेल्या होत्या.

नाथा त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"डाव्या हाताला उत्तर," कलावतीबाई वाचत राहिल्या. "उजव्या हाताला दक्षिण. मग शिक्षिका एकेका मुलाला विचारेल, तुझं घर कुठल्या दिशेला आहे. मुलं हात करून दाखवतील. चुकेल त्याला शिक्षिका रागावणार नाही. पुन्हा उभं करील." कोऱ्या कागदावर बोट फिरवत त्यांनी सगळा पाठ शेवटापर्यंत नेला, मुलांना परत वर्गात आणून बसवलं, आणि वही मिटली.

"चांगलं लिहिलंय," नाथा म्हणाले. त्यांनी वही ट्रंकेत घातली, कडी लावली, ट्रंक खांद्यावर घेतली. जे सांगायचं ठरवलं होतं ते कलावतीबाईंच्या तोंडातून निघालं नाही. फाटकापर्यंत त्या त्यांच्याबरोबर गेल्या, आणि ते स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर घंटा झाली म्हणून मागे फिरल्या.